पाण्यात पाहणं

अर्जातला सातवा रकाना होता: पोहता येतं का?
मी 'हो' लिहिलं.
छप्पन्न वर्षं तिसा नदीच्या काठावर काढलेल्या बाईनं
दुसरं काय लिहावं?
पूर आले ते बांधावर उभं राहून पाहिले.
एका हिवाळ्यात नदी गोठली
तेव्हा तिच्यावरून चालत पलीकडून पाव आणला.
पाण्यात मात्र घोट्याच्या वर कधीच नाही.

क्लब म्हणजे जुनं बिटाचं गोदाम.
वार्निश, ओले मोजे, कुणाचा तरी लसणाचा डबा,
आणि मांडण्यांवर पालथ्या निजलेल्या अठरा होड्या.
पेन्शनवाल्यांना अर्धी वर्गणी.
टिहामेर शिकवतो. वय चोवीस, नाकावर सालं निघालेली.
वल्हं हातात देत म्हणाला,
"आवळू नका, एटेल्का मावशी.
कोंबडी धरतो तसं धरा.
सुटू नये, गुदमरूही नये."
कोंबड्या मी त्याच्या जन्माआधीपासून धरते आहे.

मग फळ्यावर जोड्यांची यादी लागली.
ते अक्षर मी अंधारातही ओळखीन,
शेवटची रेघ खाली ओढून गाठ मारलेलं.
मिरचीची गिरणी बंद होताना
दारावर डकवलेली यादी याच हातची.
एकोणीस नावं. माझं चौथं.
नावं निवडली कुणी, ते मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.
तेव्हापासून अकरा वर्षं
मी आणि गिझेल्ला एकमेकींना पाण्यात पाहतो आहोत,
बाजारात, मयताला, दाताच्या डॉक्टरकडे,
सगळीकडे कोरड्या जागी.

आता फळ्यावर लिहिलेलं:
दोघांची कयाक, क्रमांक सहा.
पुढे गिझेल्ला. मागे एटेल्का.
म्हणजे हे तिनंच लिहिलं होतं,
आपलं नाव माझ्या नावाशेजारी, आपल्या हातानं.

मागच्या माणसाला नदी फारशी दिसत नाही.
पाठ दिसते.
ती डावं मारते, मग मी डावं,
ती थांबते, मग मी आदळते.
तिच्या मानेवर भट्टीच्या दाराचा डाग अजून आहे,
सतरा वर्षांची होती ती.
त्यावर हंसाची चरबी मीच चोळली होती.
उजवं. डावं. उजवं.
दोन शनिवार आम्ही ब्रही काढला नाही.
होडी तरीही सरळ जात होती, याचा मला रागच आला.

तिसऱ्या शनिवारी उलटलो.
चूक कुणाची, यावर अजून एकमत नाही.
नाकातोंडात पाणी, आभाळ तपकिरी,
वर कुठं, खाली कुठं,
मुलाचं नाव आठवेना, नदीचं तेवढं आठवलं.
मग जॅकेटच्या पट्ट्याला एक हिसका
आणि अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य:
"उभी राहा गं, मूर्खे!"

उभी राहिले.
पाणी कमरेला लागत होतं.

काठावर टिहामेरनं पाठ फिरवली होती,
त्याचे खांदे हलत होते.

"सातव्या रकान्यात थाप मारलीस," ती म्हणाली.
"तुला काय माहीत?"
"अर्ज मीच लावते फायलीला.
आणि उथळ काठ सोडू नका म्हणून त्याला मीच सांगितलं."
केसांतून शेवाळ ओघळत होतं तिच्या.
माझ्या एका पायात बूट नव्हता.

ती दुसरी यादी जिभेवर आली होती.
पण होडी भरलेली, नदी ओढत होती,
आणि भरलेली होडी एकटीला उचलत नाही.
तिनं एक टोक धरलं, मी दुसरं.
कुशीवर घेतली, मग पालथी केली.
बदाबदा पाणी, थोडी वाळू,
एक बोटभर मासा, माझा बूट.

निघताना मी अर्ज परत मागितला.
गिझेल्लानं न विचारता काढून दिला, पेनासकट.
सातव्या रकान्यातलं 'हो' खोडलं.
वर लिहिलं:
कमरेपर्यंत.